फाइल हरवलेली नसते गं

अगं, आधी एक कबूल कर. कुणी कितीही घाई केली तरी विंडोज मारू द्यायची नाही. तुझ्या फोनवर मागून आवाज येत होता ना, "मॅडम, फॉरमॅट मारा, अर्ध्या तासाचं काम आहे," त्या माणसाचा अर्धा तास खराच असतो. पण त्यानंतर लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर, टॅली, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, कॉम पोर्टच्या सेटिंगा, हे सगळं परत बसवता बसवता दुसरी शिफ्ट येते, ते त्याच्या हिशोबात नसतं. आणि तुझ्या बाबतीत तर फॉरमॅट मारून "डीएलएल सापडली नाही" हाच एरर परत येणार, कारण कोऱ्या विंडोजमध्ये ती डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी, नसतेच. पीसी नवा आहे म्हणूनच तर हे झालंय.

कुरुळीसारख्या ठिकाणी हे सारखं होतं, आणि त्याला कारण आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चाकणपर्यंत दोन्ही अंगाला शेड. शेजारच्या निघोज्यात महिंद्रा आणि फोक्सवॅगनसारखे मोठे कारखाने, आणि त्यांना माल देणारे आपण गाळेवाले. गाळ्यात मशीन लाखांची, पण तिच्या शेजारचा पीसी कुणाच्या तरी घरून आलेला. सॉफ्टवेअर कुणीतरी बारा वर्षांपूर्वी लिहून दिलेलं. ते जुन्या पीसीवर मुकाट चालत असतं, पीसी बदलला की नव्यावर टाकतात, आणि मग डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना स्क्रीनवर येतं, "एमएसव्हीसीआर१००.डीएलएल सापडली नाही." चलन तयार, माल पॅक, पण बारकोडचं लेबल नाही म्हणून गाडी हलत नाही. आणि पाच जण तुझ्या खुर्चीमागे.

त्या पाच जणांना आधी चहाला पाठव. खरंच सांगते. त्यातला एक जण मोबाईलवर त्या फाइलचं नाव टाकून ती फुकट देणारं काहीतरी शोधून काढणारच.

आता शेजारच्या गाळ्यातल्या पोराने काय केलं ते नीट बघू, कारण त्याच्या उपद्व्यापातच उत्तर आहे. त्याने स्वतःच्या पीसीच्या सिस्टम३२ फोल्डरमधून ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि तुझ्या सिस्टम३२ मध्ये टाकली. काहीच फरक पडला नाही, तोच मेसेज. मग त्याने तीच फाइल सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, त्या ईएक्सईच्या शेजारी ठेवली. आता मेसेज बदलला, शेवटी सेव्हन बी असलेला तो लांबलचक नंबर आला. सगळे म्हणाले, झालं, आणखी बिघडवलं याने.

बिघडवलं नाही. उलट त्याने नकळत दोन गोष्टी शोधून दिल्या.

पहिली ही. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरमध्ये चौसष्ट बिटच्या लायब्ररी असतात आणि बत्तीस बिटच्या असतात सिसवॉव६४ मध्ये. हो, उलटंच आहे. जुने प्रोग्रॅम "सिस्टम३२" हे नाव पोटात घट्ट लिहूनच आलेले होते, ते मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने नाव तसंच ठेवलं. बत्तीस बिटचा प्रोग्रॅम सिस्टम३२ मध्ये बघायला गेला की विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ कडे वळवते. म्हणजे त्या पोराने फाइल ठेवली एका खोलीत, आणि तुझं लेबलचं सॉफ्टवेअर तिथे गेलंच नाही. फाइल डोळ्यांसमोर आहे, एक्स्प्लोररमध्ये दिसते आहे, आणि प्रोग्रॅम म्हणतो नाही. दोघंही खरं बोलतायत.

दुसरी गोष्ट, प्रोग्रॅमने ईएक्सईच्या शेजारची फाइल मात्र उचलली. उचलली, पण ती निघाली चौसष्ट बिटची. बत्तीस बिटच्या प्रोग्रॅममध्ये चौसष्ट बिटची डीएलएल बसतच नाही. तो सेव्हन बीवाला एरर म्हणजे हेच, फाइल मिळाली पण जात वेगळी आहे. पहिल्या मेसेजात काहीच मिळालं नव्हतं, दुसऱ्यात चुकीचं मिळालं. या दोन मेसेजांमधला फरक डोक्यात पक्का ठेव. बाकीचे लोक दोन्हींना "डीएलएलचा प्रॉब्लेम" म्हणून एकाच पोत्यात घालतात आणि दिवस घालवतात.

म्हणून मी म्हणते, फाइल हरवलेली नसते. "सापडली नाही" याचा अर्थ मी जिथे जिथे बघितलं तिथे नाही, एवढाच. मग आपण विचारायचं काय? कोण शोधतंय, कुठे कुठे शोधतंय, आणि कोणत्या क्रमाने. एवढं कळलं की पुढचं काम कारकुनी आहे.

क्रम सांगते. विंडोज साधारणपणे आधी बघते प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. मग सिस्टमच्या फोल्डरात. मग एक सोळा बिटच्या जमान्यातला जुना फोल्डर, मग विंडोज फोल्डर. मग त्या क्षणी जो चालू फोल्डर असेल तो. आणि सगळ्यात शेवटी पाथमध्ये, म्हणजे विंडोजच्या फोल्डरांच्या यादीत, लिहिलेले फोल्डर, एकापाठोपाठ एक. पहिल्यांदा जिथे त्या नावाची फाइल दिसली तिथे शोध थांबतो. पुढे याहून चांगली, नवी, बरोबर फाइल असली तरी ती कुणी बघत नाही. पूर्वी चालू फोल्डरचा नंबर दुसरा होता, त्याचा गैरफायदा घेता येतो म्हणून एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून त्याला मागे ढकललं.

तुझ्या पीसीचं काम आता सरळ आहे. त्या पोराने टाकलेल्या दोन्ही फाइल आधी काढ. काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, विशेषतः ईएक्सईच्या शेजारची, कारण तिचा नंबर पहिला आहे. मग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं २०१० सालचं रीडिस्ट्रिब्युटेबल घे, एक्स८६ लिहिलेलं. "पण मशीन तर चौसष्टची आहे" असं मागून कुणीतरी म्हणेलच. मशीन असू दे, प्रोग्रॅम बत्तीसचा आहे आणि लायब्ररी प्रोग्रॅमच्या मापाची लागते. दोन्ही बसवलीस तरी बिघडत नाही, मी नेहमी दोन्ही बसवते.

साल कुठून कळलं? नावातल्या आकड्यावरून. ९० म्हणजे २००८, १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३. आणि व्हीसीरनटाइम१४० दिसलं की २०१५ नंतरचं. २०१५, १७, १९ आणि २२ या चारींना एकच पॅकेज चालतं, पण त्याच्या आधीच्या प्रत्येक सालाचं वेगळं. नव्याने जुन्याचं काम भागत नाही. लोक "मी सगळ्यात नवीन टाकलंय" म्हणून छाती फुगवतात आणि २०१० चं रिकामंच राहतं. शेवटी १४० अंडरस्कोर १ असं नाव आलं तर पॅकेज आहे पण जुनं आहे, तेच नवीन करून घ्यायचं.

कधीकधी मेसेज नावच सांगत नाही. किंवा खोटं नाव सांगतो. क्वालिटीतल्या कॅमेऱ्याच्या पायथॉन स्क्रिप्टला "डीएलएल लोड फेल्ड" येतं ना, तिथे ज्या मॉड्यूलचं नाव लिहिलेलं असतं ते बिचारं जागेवरच असतं. त्याला आत जी दुसरी लायब्ररी लागते ती मिळत नाही, आणि तिचं नाव मेसेजात येत नाही. शिवाय पायथॉन ३.८ पासून अशा लायब्ररींसाठी पाथ बघायचं बंद झालंय, फोल्डर कोडमध्ये वेगळा सांगावा लागतो. त्यामुळे "कालपर्यंत पाथवर चालत होतं, पायथॉन अपडेट केल्यावर मेलं" ही तक्रार ऐकलीस की दचकू नकोस.

अशा वेळी प्रोसेस मॉनिटर. प्रोकमॉन म्हणतात सगळे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांच्या सिसइंटरनल्स या साइटच्या हत्यारांपैकी हे, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोघांची कंपनीच विकत घेतली. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं. फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, तो मालकांकडून लेखी मागून घे.

ते उघडलं की पहिल्यांदा घाबरायला होतं. ओळी धबाधब पडत असतात, मिनिटात लाखावर जातात. कंट्रोल ई दाबून थांबव, कंट्रोल एक्सने पुसून टाक. मग फिल्टरमध्ये दोन अटी घाल: प्रोसेस नेम म्हणजे तुझ्या सॉफ्टवेअरच्या ईएक्सईचं नाव, आणि पाथचा शेवट डॉट डीएलएल. आता परत चालू कर, सॉफ्टवेअरवर डबल क्लिक कर, एरर आला की लगेच थांबव. राहिलेल्या ओळी सावकाश वाच. उजवीकडच्या रिझल्टच्या रकान्यात "नेम नॉट फाउंड" शेकड्याने दिसेल. ते सगळे गुन्हेगार नाहीत. प्रोग्रॅम एकेका दाराशी जाऊन बघतोय, नाही म्हटलं की पुढच्या दाराला, एवढंच. तू खालून वर ये. जिथे ओळी संपतात त्याच्या थोडं वर एकच नाव ओळीने दिसेल: सॉफ्टवेअरच्या फोल्डरात नाही, सिसवॉव६४ मध्ये नाही, विंडोजमध्ये नाही, मग पाथमधल्या एकेका फोल्डरात नाही, नाही, नाही, आणि कुठेच "सक्सेस" नाही. ती तुझी फाइल. मला ते बघायला अजूनही आवडतं. पाथमध्ये कोण कोण येऊन बसलंय तेही कळतं तिथे. एका ठिकाणी तर चार वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या स्कॅनरचा फोल्डर पाथमध्ये पहिला होता, आणि असा फोल्डर डिस्कवर उरलाच नव्हता.

डिपेंडन्सी वॉकर नावाचं जुनं हत्यार कुणी सुचवेल. चांगलं होतं ते, पण विंडोज १० वर ते एपीआय-एमएस-विनने सुरू होणारी पन्नास नावं लाल करून दाखवतं आणि त्यातली एकही खरी गायब नसते. त्याच्या नादी लागू नकोस.

आता सोपा वाटणारा पण जास्त छळणारा प्रकार. फाइल मिळते, जातही बरोबर, पण आवृत्ती वेगळी. याचा मेसेज असतो "प्रोसिजर एन्ट्री पॉइंट लोकेट झाला नाही." एम८ चा नट हातात घे. साधा एम८ पिचला १.२५ चा असतो, फाइन असेल तर १.० चा. बाहेरून दोन्ही सारखेच, नावही एम८, बोल्टवर एक आटा चढतोही, आणि मग अडकतो. तुमच्या शेडमध्ये कुणालाही विचार, जोर लावला तर काय होतं. इथेही तसंच, नाव तेच, पण प्रोग्रॅमला जे फंक्शन हवंय ते या आवृत्तीत नाही.

माझ्या बघण्यातल्या एका गाळ्यात माप घेणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर असं एका सकाळी बसलं. कुणी काही केलं नाही, असं सगळे शपथेवर सांगत होते. निघालं काय, तर रिपोर्ट एक्सेलमध्ये आपोआप भरावा म्हणून एका हुशार मुलाने पायथॉनचं मोठं पॅकेज बसवलं होतं आणि बसवताना "पाथमध्ये टाका" या चौकटीवर टिक केली होती. त्या पॅकेजबरोबर क्यूटीच्या लायब्ररी आल्या, क्यूटी५कोर वगैरे. मापाच्या सॉफ्टवेअरलाही क्यूटीच लागतं, पण त्याची आवृत्ती वेगळी, आणि ते लिहिणाऱ्या शहाण्यांनी ती स्वतःच्या फोल्डरात न ठेवता पाथच्या भरवशावर दुसरीकडे ठेवलेली. पाथमध्ये पायथॉन पुढे आलं, नाव जुळलं, उचललं, अडकलं. मुलाने केलं ते चुकीचंही नव्हतं. दोन प्रोग्रॅम एकमेकांना ओळखत नाहीत आणि दोघांचं भांडण पाथमध्ये होतं, याची कल्पना नसते कुणाला.

त्यावरचा उपाय तुला उपयोगी पडेल. पाथ पुसायचा नाही. पूर्ण पाथ आधी कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेव, तारखेसकट. मग त्या सॉफ्टवेअरसाठी दोन ओळींची बॅच फाइल कर: पहिल्या ओळीत सेट पाथ करून त्याच्या स्वतःच्या लायब्ररीचा फोल्डर सगळ्यात पुढे, पाठीमागे जुना पाथ, आणि दुसऱ्या ओळीत तो प्रोग्रॅम चालू. हा बदल त्या एका खिडकीपुरताच राहतो. मुलाचं पायथॉनही चालतं, मापंही चालतात. डेस्कटॉपवर त्या बॅच फाइलचा शॉर्टकट ठेव आणि जुना आयकॉन काढून टाक, नाहीतर दुसऱ्या शिफ्टचा माणूस जुन्यावरच क्लिक करून तुला रात्री फोन करेल.

दुसऱ्या शिफ्टवरून आठवलं. "माझ्या लॉगिनला चालतं, त्यांच्या लॉगिनला नाही" हे तू म्हणालीस, त्यात भूतबाधा काही नाही. पाथ दोन असतात, एक सिस्टमचा आणि एक प्रत्येक युजरचा स्वतःचा. बसवताना तुझ्या नावावर लिहिलं गेलं असणार. तसंच शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये "स्टार्ट इन" बघ, तुझ्याकडे ते भरलेलं असेल आणि त्यांच्याकडे कोरं. आणि पाथ बदलल्यावर चालू असलेला प्रोग्रॅम किंवा कमांडची काळी खिडकी तो बदल बघत नाही, ती जन्मताना मिळालेल्या पाथवरच जगते. बंद करून उघडायची. बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस असेल तर सरळ मशीनच रीस्टार्ट कर, वाद घालत बसू नकोस.

वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं वेगळं आहे. ते व्हीबी सिक्समध्ये लिहिलेलं असणार, १९९८ सालची ती गोष्ट, पण आपल्या पट्ट्यातले कितीतरी काटे अजून त्यावर तोलतायत. त्याचा मेसेज एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्सचा असतो. इथे फाइल नुसती असून चालत नाही, तिची रजिस्ट्रीत पूर्ण पत्त्यासकट नोंद लागते. म्हणून फोल्डरचं नाव बदललं किंवा डी ड्राइव्हवर हलवलं की ते मरतं. नोंद रेगएसव्हीआर३२ या कमांडने करायची, पण कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून, आणि सिसवॉव६४ मधलं रेगएसव्हीआर३२ वापरून. ओसीएक्सही तिथलीच. कोणती खोली कुठे ते एकदा कळलं की हे सगळं त्याच गोष्टीचं चुलत भावंड आहे.

आणि आपल्याच भाषेचं बघ ना. विंडोज २००० पर्यंत विंडोजला देवनागरी घरची नव्हती. मग आलं युनिस्क्राइब, म्हणजे यूएसपी१०.डीएलएल ही एक लायब्ररी. अक्षरं जोडणं, वेलांटी अलीकडे नेणं, रफार वर चढवणं, सगळं तिच्याकडे. एक्सपीत रिजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची चौकट टिक करून एक्सपीची सीडी घालावी लागायची, नाहीतर "मिरची"ची पहिली वेलांटी म च्या पलीकडे जाऊन लोंबत बसायची. त्यात गंमत म्हणजे ऑफिस २००३ स्वतःची नवी यूएसपी१० बरोबर घेऊन यायचं आणि ती स्वतःच्या फोल्डरातच ठेवायचं. त्यामुळे एकाच मशीनवर वर्डमध्ये जोडाक्षर नीट आणि शेजारच्या प्रोग्रॅममध्ये तुटकं, असं दिसायचं. लोक ती नवी फाइल सिस्टम३२ मध्ये टाकायचे, विंडोज लगेच जुनी परत आणून ठेवायची, फाइल प्रोटेक्शनने. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ती नुसती त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात टाकली की काम होतं. पहिला नंबर कुणाचा, तर घरच्या फोल्डरचा. कितीतरी मराठी मजकूर त्या एका नियमावर नीट दिसला तेव्हा.

पण हाच नियम चोरालाही माहीत असतो, म्हणून फुकट डीएलएल देणाऱ्या साइटवरून काही उचलू नकोस. तुमच्याकडे मशीन चालवणारे पीएलसी आहेत, म्हणून तुला हे सांगितलंच पाहिजे. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा मालवेअर सापडला. इराणच्या नतांझमधल्या सेंट्रिफ्यूजसाठी केलेला. पेनड्राइव्हवरून पसरायचा आणि ज्या पीसीवर सीमेन्सचं स्टेप सेव्हन असेल तिथे त्याची पीएलसीशी बोलणारी डीएलएलच बदलायचा. मूळ फाइल नाव एका अक्षराने बदलून बाजूला ठेवायचा आणि तिच्या जागी, तिच्याच नावाने, आपली बसवायचा. बहुतेक कामं तो मूळ फाइलकडूनच करून घ्यायचा, म्हणून सगळं सुरळीत दिसायचं. इंजिनिअरने ब्लॉक वाचायला मागितला तर त्यातलं हवं ते लपवून दाखवायचा. आपल्या गाळ्यावर कुणी एवढी मेहनत घेणार नाही गं, पण डीएलएल म्हणजे नुसती फाइल नव्हे, तो चालणारा कोड आहे आणि तो तुझ्या प्रोग्रॅमच्या अधिकारात चालतो. शेजारच्या पोराला हे सांग. रागावून नको, तो चांगला आहे, धावून येतो.

उलटंही होतं. अँटीव्हायरसच कधी सॉफ्टवेअरची खरी डीएलएल गिळून बसतो, विशेषतः ज्यांचा डेव्हलपर सही करून देत नाही त्यांची. "काल चाललं, आज नाही, कुणी काही केलं नाही" असं असेल तर प्रोकमॉनच्याही आधी अँटीव्हायरसची हिस्टरी बघ. पाच मिनिटांचं काम.

उबुंटूवरची एखादी मशीन तुझ्याकडे आली तर प्रश्न तेच आहेत, फक्त दरवाजे वेगळे. एलडीडी कमांड दिलीस की कोणती लायब्ररी कुठून मिळाली ते छापतं आणि न मिळालेल्यापुढे "नॉट फाउंड" येतं. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर मात्र एलडीडी चालवू नकोस, ती फाइल चालू होऊ शकते. एलडी लायब्ररी पाथ हे तिथलं सगळ्यांचं आवडतं औषध, आणि ते कायमचं लावून ठेवलं की महिनाभराने दुसराच प्रोग्रॅम आजारी पडतो. सुडोने चालवलं की ते गळूनही पडतं. फोल्डर एलडी.एसओ.कॉन्फ.डीमध्ये लिहून एलडीकॉन्फिग चालवलेलं बरं. कोण कुठे बघतंय ते हवं असेल तर एलडी डीबग बरोबर लिब्स लावून प्रोग्रॅम चालव, प्रोकमॉनसारखंच सगळं सांगतं.

आता सॉफ्टवेअरवाल्यांशी कसं बोलायचं. ते फोनवर पहिलं वाक्य म्हणतील, "आमच्याकडे तर चालतंय मॅडम." चालणारच. त्यांच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ आहे, त्याने सगळ्या लायब्ररी आणून ठेवल्यात. दुसरं वाक्य, "एनीडेस्क द्या." दे, पण तू समोर बस आणि त्यांनी काय कुठे टाकलं ते लिहून घे, ते दहा फाइल दहा ठिकाणी टाकून जातात आणि पुढच्या वेळी त्यांनाच आठवत नाही. आणि फाइलच्या नावाच्या शेवटी आकड्यानंतर डी दिसला, एमएसव्हीसीआर१००डी असा, तर तू काहीही शोधायचं नाही. तो डी डीबगचा. म्हणजे त्यांनी कच्चा बिल्ड पाठवलाय, ती लायब्ररी ग्राहकाला द्यायची परवानगीच नसते. शांतपणे मेल टाक, "कृपया रिलीज बिल्ड पाठवा." समोरचा आवाज लगेच बदलतो बघ. तिथून पुढे तुला कुणी "मॅडम, तुम्हाला कळणार नाही" म्हणत नाही.

मेलमध्ये लिहायचं एवढंच: विंडोजची आवृत्ती, प्रोग्रॅम बत्तीसचा की चौसष्टचा, मेसेज अक्षरशः जसा आहे तसा, कोणत्या लॉगिनवर चालतं आणि कोणत्या नाही. स्क्रीनचा मोबाईलवर तिरका फोटो नको, त्यात नंबर कधी वाचता येत नाहीत.

जुना पीसी अजून कोपऱ्यात असेल तर भंगारवाल्याला देऊ देऊ नकोस, निदान महिनाभर. त्यावर सॉफ्टवेअर चालू करून सिसइंटरनल्सच्याच प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये कंट्रोल डी दाबलंस की खाली त्याच्या सगळ्या डीएलएलची यादी पत्त्यांसकट येते. जिथे चालतंय तिथली यादी हातात असली की नव्या पीसीवर शोधायला काही उरत नाही.

हे सगळं गुरुवारी कर, सुट्टीच्या दिवशी, लाइन बंद असताना. आज गाडी काढायची असेल तर लेबलं जुन्या पीसीवरूनच छाप. आणि प्रोकमॉनची फाइल मला पाठवशील तेव्हा ऑल इव्हेंट्स निवडून पीएमएलमध्ये सेव्ह कर, सीएसव्ही नको, त्यात मला निम्मं दिसत नाही. झिप करून मेलवर. गाळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस, त्यात मशीनचं नाव, युजरांची नावं, सर्व्हरचे फोल्डर, सगळं उघडं असतं.